सामना संपल्यावरची पन्नास मिनिटं: क्रीडास्तंभातला अपमान छापण्याआधी कसा पकडायचा

नागपूरजवळच्या जामठ्यात दिवस-रात्र सामना रंगला की शेवटचा बॉल पडेपर्यंत रात्रीचे दहा-साडेदहा होतात. लांबच्या जिल्ह्यांची डाक आवृत्ती तोवर सुटलेली असते, शहर आवृत्तीचं क्रीडा पान अडकून पडलेलं असतं आणि डेस्कवरून दर पाच मिनिटांनी एकच विचारणा होते: कॉपी कुठवर आली? स्तंभलेखकाच्या हातात उरतात चाळीस-पन्नास मिनिटं आणि लिहायचे असतात सहाशे शब्द. रंग, वंश, जात, धर्म, प्रांत किंवा बाईपण यावरून कुणाला खाली दाखवणारी वाक्यं बहुतेक याच वेळात शिरतात. लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. वहीत निरीक्षण नसतं, घड्याळ पुढे सरकत असतं आणि मराठीत तयार वाक्प्रचारांना तोटा नाही; मोकळी जागा त्यांनी भरते. म्हणून हा उपाय सुरू होतो वहीपासून.

वहीत काय हवं

पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे फक्त घडलेलं: मिनिट किंवा षटक, कोण, काय केलं, किती वेळा. उजवीकडे मनात आलेलं विशेषण. लिहायला बसल्यावर उजवीकडचं विशेषण तेव्हाच वापरायचं, जेव्हा त्याच ओळीत डावीकडे निदान एक नोंद असेल. 'सुस्त' लिहायचंय? मग दुसऱ्या धावेला किती वेळा नकार दिला ते डावीकडे असायला हवं. नसेल तर 'सुस्त' हे तुमचं निरीक्षण नसून त्या खेळाडूच्या जातकुळीबद्दल कुठेतरी ऐकलेलं काहीतरी असण्याची दाट शक्यता आहे.

सामन्याआधी दहा मिनिटं काढून अकरा अधिक अकरा नावांचे उच्चारही लिहून ठेवा. मणिपूर, मिझोराम, तमिळनाडू, नायजेरिया इथल्या नावांची मोडतोड करून वर त्यावर विनोद करणं हा अपमानाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, आणि संघ व्यवस्थापकाला एकदा विचारलं की तो टळतो. खेळाडूचं ड्रेसिंग रूममधलं टोपणनाव मात्र तो स्वतः मायक्रोफोनसमोर वापरत नसेल तर छापू नका. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीचं उदाहरण डोळ्यांसमोर असू द्या. हैदराबादच्या आयपीएल संघात आपल्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हणत, असं त्याने जून २०२० मध्ये सांगितलं. तगडा, दमदार असा काहीतरी त्याचा अर्थ असेल असं त्याला तेव्हा वाटलं होतं. खरा अर्थ कळला तेव्हा तो संतापला. टोपणनावाला खेळाडू हसतो, म्हणजे ते त्याला मान्य आहे असं गृहीत धरता येत नाही.

एक परिच्छेद, आधी आणि नंतर

हा परिच्छेद नमुन्यासाठी रचलेला आहे, पण यातला एकही शब्द नवा नाही:

"यजमान संघाने मैदानात उतरताना बांगड्याच भरल्या होत्या जणू. त्यांचा काळाकभिन्न आफ्रिकन स्ट्रायकर राक्षसासारखा धावला, पण डोकं नावाची चीज नव्हती. उलट पाहुण्यांच्या चिनी चेहऱ्याच्या विंगरने भामटेपणा करत दोनदा बॉल पळवला आणि बचावफळी आंधळ्यासारखी बघत राहिली."

वाचणाऱ्याला सामन्याबद्दल काय कळलं? काहीच नाही. गोल कधी झाला, बचावफळी का फसली, स्ट्रायकरला पास मिळत होते का, यातलं अक्षरही नाही. आता तोच सामना वहीतून:

"यजमान संघाच्या बचावफळीने पहिल्या पंधरा मिनिटांत चारदा बॉल थेट बाहेर मारला, दबाव नसतानाही. स्ट्रायकर वेगात होता, पण पास सुटायच्या आधीच निघायचा. पाच वेळा ऑफसाइड. पाहुण्यांच्या विंगरने हे हेरलं की डावा बॅक बॉल घेण्यापूर्वी मान वळवून बघत नाही. एकोणिसाव्या आणि चौतिसाव्या मिनिटाला तो मागून आला, बॉल काढून घेतला आणि दुसऱ्या वेळी गोल झाला."

दुसरा परिच्छेद पहिल्याहून जास्त झोंबणारा आहे, हे लक्षात घ्या. डाव्या बॅकला सकाळी पेपर वाचून लाज वाटेल ती स्वतःच्या चुकीची, जन्माची नाही. स्तंभलेखकाने मऊ लिहावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. खराब खेळाला खराब म्हणणं हेच तर त्याचं काम.

दोन चाचण्या

कॉपी पाठवण्याआधी पाच मिनिटं राखून ठेवा. चार नव्हे, पाच. पहिली तीन मिनिटं फक्त विशेषणं आणि उपमा वाचायच्या. वाक्यं वाचायची नाहीत, नाहीतर आपल्याच लयीत वाहून जाल. स्क्रीनवर त्या रंगवून घेतल्या तर काम सोपं होतं.

पहिली चाचणी अदलाबदलीची. कामठीच्या फॉरवर्डबद्दल, गडचिरोलीच्या धावपटूबद्दल, कॅरेबियन गोलंदाजाबद्दल लिहिलेलं वाक्य उचला आणि त्यात शिवाजी पार्कवर वाढलेल्या सलामीवीराचं नाव टाकून वाचा. 'नैसर्गिक ताकद', 'रक्तातच वेग', 'जंगलात धावून कमावलेला दम', 'बेदरकार' ही विशेषणं त्या नावापुढे बसतात का? आणि उलटं करून बघा: 'अभ्यासू', 'संयमी', 'तंत्रशुद्ध', 'खेळाचा वाचक' हे शब्द तुम्ही गेल्या सहा महिन्यांत कुणाकुणाला दिले? २०२० साली युरोपातल्या ऐंशी फुटबॉल सामन्यांचं इंग्रजी समालोचन मोजलं गेलं, तेव्हा हाच नमुना दिसला: बुद्धी आणि मेहनतीचं कौतुक जास्त करून उजळ त्वचेच्या खेळाडूंच्या वाट्याला, ताकद आणि वेगाचं सावळ्या-काळ्या खेळाडूंच्या. एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात शिवी नव्हती. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

आपल्याकडे उमेश यादवबद्दल लिहिताना वर्षानुवर्षं हे होत आलंय. वडील कोळसा खाणीत कामाला होते, हे खरं आहे आणि एकदा सांगण्यासारखंही आहे. पण त्याचा आउटस्विंग खाणीतून आलेला नाही. मनगट बॉलच्या मागे सरळ ठेवण्याच्या सरावातून तो आला. दर लेखात खाण आली आणि मनगट एकदाही आलं नाही, तर कौतुक करतानाच आपण त्याच्या कौशल्याचं श्रेय काढून घेतो.

दुसरी चाचणी तिसऱ्या माणसाची. अदलाबदलीची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण 'बांगड्या भरा' हे आपण कुणालाही म्हणतो, शिवाजी पार्कलाही. तेव्हा विचारायचं असं: खेळाडूला खाली दाखवण्यासाठी माप म्हणून मी कुणाला वापरलं? 'बांगड्या'त ते माप बाई असते. 'आंधळी बचावफळी', 'मुका कर्णधार', 'लंगडा घोडा' यांत अपंग माणूस. 'बायकी फटका'बद्दल वेगळं सांगायला नको.

मराठीत ही मापं जातींच्या नावांतही दडलेली आहेत, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण भलेभले अडकतात. 'निवड समितीच्या चांभारचौकशा' हे वाक्य किती सहज सुटतं! नको त्या चौकशा, एवढंच म्हणायचं असतं. मग तेवढंच म्हणा, किंवा 'नसत्या उठाठेवी' म्हणा. 'भामटा' हा शब्द आपण लबाड या अर्थाने वापरतो, पण भामटा हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा आजही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे कित्येक समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले, १९५२ साली तो रद्द झाला, आणि भाषेतला शिक्का मात्र आपण लेगस्पिनरच्या गुगलीला लावत बसलो. 'फसवा', 'चकवणारा', 'हुलकावणी देणारा' हे तीन शब्द त्या जागी चालतात, आणि क्रिकेटच्या दृष्टीने जास्त नेमकेही आहेत. सीमारेषेवरच्या झेलाला 'डोंबाऱ्याच्या कसरती' म्हणू नका. उडी कितीची होती आणि बॉल हवेत असताना पाय दोरीच्या आत होता की बाहेर, ते सांगा. गोलंदाजांची धुलाई झाली की येणाऱ्या 'कसायाची सुरी'चंही तसंच. जातीच्या नावावर बेतलेल्या म्हणी क्रीडास्तंभात वापरूच नयेत. अर्थ माहीत असो वा नसो.

सगळंच टाकून द्यायचं का? नाही. 'कांगारूंची शिकार' हे शिळं आहे, अपमानकारक नाही. तो प्राणी ऑस्ट्रेलियन स्वतः मिरवतात. 'किवी'चंही तेच. 'लंकादहन' या मथळ्याबद्दल डेस्कवर नेहमी वाद होतो. आमच्या मते तो टाळावा, आणि त्याचं कारण विदर्भातच आहे: गोंड समाजातले बरेच लोक रावणाला पूर्वज मानतात. श्रीलंकेचा संघ म्हणजे राक्षस, या विनोदाचा तडाखा कोलंबोपेक्षा आधी गडचिरोलीत बसतो. 'पाकडे' ही सरळ शिवी आहे. 'बांगलादेशींना हाकललं' हे क्रिकेटचं वाक्य वाटतं, पण त्याच पेपरच्या पहिल्या पानावर तो शब्द घुसखोर या अर्थाने आलेला असतो, आणि वाचक दोन्ही एकत्र वाचतो. 'बांगलादेश संघ' लिहिलं की प्रश्न मिटतो.

'चायनामन' हा शब्द आपल्या पानांवर कुलदीप यादवमुळे आला. १९३३ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत वेस्ट इंडीजच्या, चिनी वंशाच्या एलिस अचॉन्गने इंग्लंडच्या वॉल्टर रॉबिन्सला चकवलं, आणि तंबूत परतताना रॉबिन्सने वंशावरून त्याला नाव ठेवलं, असा किस्सा सांगितला जातो. विस्डेन या क्रिकेट वार्षिकाने २०१८ पासून हा शब्द सोडला. मराठीत 'डावखुरा मनगटी फिरकीपटू' लिहा. मथळ्यात जागा नसेल तर नुसतं 'कुलदीपची फिरकी' पुरतं. (क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने २०२१ मध्ये नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणला, तेव्हा मराठीला काही करावंच लागलं नाही. फलंदाज हा शब्द बाई-पुरुष दोघांना आधीपासून चालतो. कधी कधी आपली भाषा पुढे असते.)

'पोट्टा' या आपल्या खास शब्दाला संदर्भ बघून हात लावा. 'आपला पोट्टा भारताकडून खेळला' यात माया आहे. 'वस्तीतल्या पोट्ट्यांनी राडा केला' यात वस्तीला नाक मुरडणं आहे. नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल २००१ पासून स्लम सॉकरच्या रूपाने उभं आहे. तिथल्या खेळाडूबद्दल लिहिताना 'चिखलातलं कमळ' टाळा. चिखल कुणाला म्हणताय, ते तिथे राहणाऱ्यांना कळतं.

कौतुकातला अपमान

हा प्रकार डेस्कच्या नजरेतून हमखास निसटतो, कारण सूर गोड असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला धर्मावरून ऑनलाइन शिव्या पडल्या. त्यानंतर त्याने चांगलं षटक टाकल्यावर 'देशप्रेम सिद्ध केलं' असं लिहिणं म्हणजे पुरावा मागणाऱ्यांची बाजू घेणं. त्याच सामन्यात दहा जण अजून खेळले, त्यांच्याकडून सिद्धता मागितली का? 'सिद्ध केलं' हा शब्द मुस्लीम, शीख, ईशान्येकडच्या खेळाडूच्या वाक्यात आला की तिथे लाल पेन टेकवा.

महिला खेळाडूंच्या बाबतीत हे कसं दिसतं, ते नागपूरच्याच दिव्या देशमुखने सांगून ठेवलंय. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या बुद्धिबळ स्पर्धेनंतर तिने लिहिलं की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी केस, कपडे, उच्चार यांवर बोलत होते. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, बातुमीत अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर किताब मिळवला. तिच्यावरच्या सहाशे शब्दांत किती शब्द पटावर खर्च झाले ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर परत लिहा. बुद्धिबळ कळत नसेल तर शहरातल्या एखाद्या प्रशिक्षकाला फोन करा. डाव कुठल्या चालीवर फिरला एवढं एक वाक्य मिळालं तरी पोशाखाचं वाक्य आपोआप गळतं.

दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूला 'कोट्यातला' म्हणणं याचाही इथेच समाचार घेऊ. मराठी वाचकाला त्यातून थेट आरक्षण ऐकू येतं आणि लिहिणाऱ्यालाही बहुधा तेच ऐकवायचं असतं. पण मुळात ते तथ्य म्हणूनच चूक. २०१६ मध्ये तिथल्या मंडळाने ठरवलं ते संपूर्ण मोसमाची सरासरी म्हणून: संघात सहा गौरेतर खेळाडू, त्यांत दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. एका सामन्यातल्या एका खेळाडूवर बोट ठेवून 'हा कोट्यातून आला' म्हणण्याचा आधार त्या नियमात नाही. त्याची सरासरी लिहा, ती काय ते सांगेल.

जात लिहायची कधी

जातीचा उल्लेखच करू नका, असा सोपा नियम करून भागत नाही. दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंबद्दल जात वगळून लिहिणं म्हणजे अर्धी गोष्ट लपवणं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या फिरकीपटूला पुण्यात सोबत्यांबरोबर चहा मिळत नव्हता, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही, ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. इथे जात हाच विषय आहे. तसंच ऑगस्ट २०२१ चं: टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारतीय महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, त्यानंतर हरिद्वारजवळच्या रोशनाबादला संघातल्या वंदना कटारियाच्या घराबाहेर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार नोंदली गेली. ती बातमी जात न सांगता लिहिताच येणार नाही.

कसोटी साधी ठेवा. जात, धर्म किंवा वंश काढून टाकल्यावर घटना समजेनाशी होत असेल तर लिहा. समजत असेल तर काढा. प्रेस कौन्सिलची पत्रकारितेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: संदर्भातून त्या जातीबद्दल हीन भाव निघत असेल, तर जातीची ओळख टाळावी.

दुसऱ्याने केलेला अपमान छापताना

मैदानात, प्रेक्षकांत किंवा चॅनेलवर कुणीतरी बोललं आणि तुम्हाला त्यावर लिहायचंय. इथे चूक होते ती घाईत निकाल देण्याची. चार गोष्टी हातात आल्याशिवाय मत मांडू नका: तक्रार कुणी केली, कुणाकडे केली, कोणत्या नियमाखाली, आणि ती आता कोणत्या टप्प्यावर आहे.

जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी आठवा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला वांशिक शेरा मारल्याच्या आरोपावरून सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजन सिंगला तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायाधीश जॉन हॅन्सन यांनी वांशिक शेऱ्याचा आरोप सिद्ध मानला नाही. अपशब्दाबद्दल सामना मानधनाच्या निम्मा दंड राहिला. या दोन निकालांच्या मधल्या तीन आठवड्यांत आपल्याकडचे बरेच स्तंभ 'आपला भज्जी' आणि 'रडके गोरे' एवढ्यावर चालले. त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २००७ च्या मालिकेत, सायमंड्सला वडोदऱ्यात आणि वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून चिडवलं होतं. तेव्हा 'आपल्याकडे माकड म्हणजे मारुती, यात अपमान कसला?' असा युक्तिवाद ऐकू आला. हा युक्तिवाद सापडला की खोडा. चिडवणाऱ्यांच्या मनात त्या क्षणी मारुतीराय नव्हते, हे चिडवणाऱ्यालाही माहीत असतं आणि लिहिणाऱ्यालाही.

उलट बाजूनेही घाई महागात पडते. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीतच मोहम्मद सिराजने प्रेक्षकांतून शिवीगाळ होत असल्याचं पंचांना सांगितलं, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. लगेच 'सहा वर्णद्वेष्ट्यांची हकालपट्टी' असं छापून झालं. नंतर क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीने दोन गोष्टी सांगितल्या: भारतीय खेळाडूंना वांशिक शिवीगाळ झाली हे खरं, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते. 'सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं, चौकशी सुरू' एवढं लिहिणाऱ्याला दुरुस्ती द्यावी लागली नाही.

शिवी शब्दशः छापायची का? वाचकाला प्रकाराचं गांभीर्य त्याशिवाय कळत नसेल तर एकदा, मजकुरात, अवतरणात. मथळ्यात नाही, चौकटीत नाही, मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये तर नाहीच, कारण ते ज्याला ती शिवी लागते त्याच्याही खिशात वाजतं. फुल्या-फुल्या टाकून अर्धवट छापणं सर्वांत वाईट. वाचक मनात वाईटात वाईट शब्द भरतो. 'जातिवाचक शिवी' किंवा 'त्वचेच्या रंगावरून शेरा' हे बहुतेक वेळा पुरतं.

सोशल मीडियावरच्या चार-दोन अकाउंटना 'संतापाची लाट' म्हणू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात अर्शदीप सिंगकडून झेल सुटल्यावर त्याच्या विकिपीडिया पानात 'खलिस्तान' घुसवलं गेलं. ती खोडसाळ संपादनं होती. त्यांना 'चाहत्यांचा सवाल' असं नाव देणारा स्तंभ खोडसाळपणाला पत्ता मिळवून देतो.

मथळा तुमचाच समजा

स्तंभ तुमचा, मथळा रात्रपाळीच्या उपसंपादकाचा, आणि सकाळी शिव्या तुम्हाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ईएसपीएनच्या मोबाइल साइटवर आशियाई वंशाच्या बास्केटबॉलपटू जेरेमी लिनच्या पराभवाला एक मळलेला इंग्रजी वाक्प्रचार मथळा म्हणून लागला, ज्यातला एक शब्द चिनी लोकांसाठीची शिवी आहे. मध्यरात्रीनंतर पस्तीस मिनिटं तो राहिला. मथळा लावणाऱ्याची नोकरी गेली. आपल्या ध्यानीमनी तो अर्थ नव्हता, असं त्याने सांगितलं. यातून शिकायचं ते असं की मळलेल्या वाक्प्रचारात खेळाडूचं नाव, रंग किंवा प्रांत घातला की त्याचा दुसरा अर्थ जागा होतो. कॉपीसोबत तीन मथळे स्वतः पाठवा: एक चार शब्दांचा, एक सहाचा, एक मोबाइलसाठी. तयार मथळा हाती असला की डेस्क नवा शोधत बसत नाही. फोटोओळही तुम्हीच द्या. 'रागीट', 'आक्रमक' असे शब्द कुणाच्या फोटोखाली जातात यावर लक्ष ठेवा.

यूट्यूब किंवा रेडिओवर बोलत असाल तर मायक्रोफोन कायम चालू आहे असं धरा. ऑस्ट्रेलियन समालोचक डीन जोन्सने ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोत दक्षिण आफ्रिकेच्या दाढीवाल्या हाशिम आमलाबद्दल दहशतवादी हा शब्द वापरला, जाहिरात सुरू आहे असं समजून. ब्रिटिश फुटबॉल समालोचक रॉन अ‍ॅटकिन्सनने एप्रिल २००४ मध्ये फ्रेंच फुटबॉलपटू मार्सेल देसायीबद्दल जो वर्णद्वेषी शेरा मारला तोही प्रक्षेपण संपलं असं समजूनच. दोघांचंही काम गेलं.

कायदा, थोडक्यात

'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही तळटीप कुणालाच वाचवत नाही; लेखक, संपादक, प्रकाशक तिघेही धरले जातात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा सार्वजनिकरीत्या हेतुतः अपमान केला किंवा जातीवरून शिवीगाळ केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा लागतो, आणि त्यात अटकपूर्व जामिनाला कलम १८ आडवं येतं. समूहांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, बदनामीबद्दल ३५६. 'गंमतीत म्हटलं' याला फारसा अर्थ नाही: युवराज सिंगने २०२० मधल्या इन्स्टाग्राम गप्पांत एक जातिवाचक शब्द उच्चारला, जून २०२० मध्ये खेद व्यक्त केला, तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये हरियाणात हांसीला गुन्हा नोंदला गेला आणि ऑक्टोबरमध्ये अटक दाखवून जामीन झाला.

दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्ध वाचक प्रेस कौन्सिलकडे जाऊ शकतो. आधी संपादकाला लिहावं लागतं आणि प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. डिजिटल माध्यमांच्या तक्रार अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

चुकलं तर

पहिला फोन आला की बचाव करू नका, वाक्य शब्दशः लिहून घ्या आणि आवृत्ती कोणती ते विचारा. डाक आणि शहर आवृत्तीत मजकूर वेगळा असू शकतो. मग संपादकाला सांगा, तेही स्वतः, दुसऱ्याकडून त्यांना कळण्याआधी. वाक्य खरंच अपमानकारक असेल तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच, त्याच पानावर, त्याच स्तंभाच्या जागी. आतल्या पानावर जाहिरातीखाली दिलेली दुरुस्ती दुसरा अपमान ठरते.

'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य वापरू नका. त्यातला 'तर' सगळा दोष वाचकाच्या भावनांवर ढकलतो. असं लिहा: "कालच्या स्तंभात एका खेळाडूच्या खेळावर टीका करताना आम्ही एका समाजाचं नाव लबाड या अर्थाने वापरलं. ते चूक होतं. तो शब्द ऑनलाइन आवृत्तीतून काढला आहे. त्या समाजाची आणि खेळाडूची माफी मागतो." मूळ शब्द पुन्हा छापायचा नाही, आपला हेतू समजावत बसायचं नाही, आणि चार ओळींच्या वर जायचं नाही. खेळाडूला त्याआधी फोन करा. तो उचलेलच असं नाही, पण माफी त्याला पेपरातून कळू नये.

मग उरतं ते साफसफाईचं काम. वेबसाइटवरचा मजकूर बदलताना खाली तारीख-वेळेसह टीप ठेवा. लिंकमध्ये जुना मथळा तसाच राहतो, ती वेगळी बदलावी लागते. ई-पेपरचं पान, फेसबुकवरचं कार्ड आणि सकाळी सहालाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली पीडीएफ या तिन्ही जागा तपासा. पहिल्या दोन आपल्या हातात असतात. तिसऱ्यासाठी ज्या गटांत तुम्ही स्वतः पान टाकलं होतं, तिथे दुरुस्तीचं पानही स्वतःच टाका.